पांदणीची वाट आणि सायकलचे चाक



नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे निघालेला प्रवासी महाराष्ट्राची सीमा ओलांडून मध्य प्रदेशात शिरला, म्हणजे सौंसर येण्यापूर्वी त्याला बोरगाव लागते. बोरगाव नावाची गावे मराठी मुलुखात पुष्कळ आहेत. हे बोरगाव २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या काढलेल्या पांढुर्णा जिल्ह्यातले. कागदोपत्री राज्य हिंदीचे, पण घरातली, बाजारातली आणि बांधावरची भाषा मराठी. गावाजवळ औद्योगिक क्षेत्र झाले आहे आणि राष्ट्रीय महामार्गावरून मालमोटारी रात्रंदिवस धावत असतात. या रस्त्याच्या कडेने सायकल चालविणाऱ्या माणसाला दर चार पावलांगणिक मागे वळून पाहावे लागते. पण हाच माणूस महामार्ग सोडून गावामागच्या शिवारात उतरला, तर त्याला निराळेच जग भेटते. दोन्ही बाजूंना संत्र्यांचे बगीचे, कपाशीची आणि तुरीची शेते, अधूनमधून बाभळी आणि बोरी, हळूच चढणारी आणि तितक्याच हळूच उतरणारी जमीन. आणि या सर्वांमधून गेलेली एक अरुंद वाट. विदर्भात आणि विदर्भाला लागून असलेल्या या मुलुखात तिला पांदण म्हणतात.

आज आपल्याला या पांदणीचा आणि सायकलचा इतिहास पाहावयाचा आहे. तो पाहताना थोडे इंग्लंडातही जावे लागेल. कारण शांत ग्रामीण वाटा आणि सायकल यांचे नाते तेथे जसे जुळले, जसे तुटले आणि पुन्हा जसे जोडावे लागले, त्यात आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे. शांत वाट ही निसर्गाने दिलेली देणगी नसते. कोणी तरी ती वापरीत असते आणि कोणी तरी ती कागदावर नोंदून ठेवलेली असते, म्हणूनच ती टिकते.

प्रथम हा मुलूख पाहू. ब्रिटिश अमदानीतल्या गॅझेटियरने छिंदवाडा जिल्ह्याचे जे भाग सांगितले, त्यांत बालाघाट आणि झेरघाट अशी दोन नावे येतात. बालाघाट म्हणजे घाटावरचा भाग, आणि झेरघाट म्हणजे घाटाखालचा. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, नागपूरच्या मैदानाला लागून असलेला सौंसर आणि पांढुर्णा यांचा प्रदेश हाच तो झेरघाट. उत्तरेस सिल्लेवानीचा घाट चढला की छिंदवाड्याचे पठार लागते. दक्षिणेस मैदान पसरत जाते. मधला हा पट्टा धड डोंगर नव्हे आणि धड सपाटीही नव्हे. जाम आणि कन्हान या नद्यांनी आणि त्यांना मिळणाऱ्या असंख्य नाल्यांनी जमिनीला लाटांसारखा आकार दिला आहे. चढ असा की सायकलवरून उतरावे लागू नये, आणि उतार असा की पाय न हालविता पुढच्या नाल्यापर्यंत जावे. दसऱ्यापासून फाल्गुनात पळस फुलेपर्यंतचे दिवस, पहाटेची वेळ, आणि ही जमीन. सायकलस्वाराने याहून अधिक काय मागावे?

अर्थात या वाटांचे अवगुणही सांगितले पाहिजेत. मृगापासून हस्तापर्यंत येथील काळी माती चाकाला अशी चिकटते की चाक आणि त्यावरचा पत्रा यांच्यामध्ये गारा भरून चाक फिरेनासे होते, आणि मग स्वाराने सायकलवर बसण्याऐवजी सायकलच स्वाराच्या खांद्यावर बसते. उन्हाळ्यात बाभळीचा काटा आहेच. पंक्चर काढण्याचे सामान जवळ न बाळगता पांदणीत शिरणारा माणूस दुसऱ्यांदा तसे करीत नाही.

पांदण ही कोणी आखून बांधलेली सडक नव्हे. ती बैलगाडीने घडविली. झेरघाटातला शेतकरी आपल्या गाडीला बंडी म्हणतो. बंडीच्या लाकडी चाकांवर लोखंडी धाव चढविलेली असे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच ओळीतून बंड्या गेल्या की जमिनीत दोन चर पडत, तीच चाकोरी. पावसाळ्यात पाणी त्याच चरांतून वाहू लागे आणि माती घेऊन जाई. अशा रीतीने काही पांदणी शेजारच्या शेतांपेक्षा पुरुषभर खोल गेल्या. वर दोन्ही बाजूंना झाडोरा माजला, आणि खाली उन्हाळ्यातही सावली राहिली.

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात अशाच खोल गेलेल्या वाटा आहेत. त्यांना तेथे हॉलोवे म्हणतात. तेथेही मऊ खडकातून गाड्यांची चाके, गुरांचे खूर आणि पावसाचे पाणी यांनी शतकानुशतके वाट कोरली. डेव्हन परगण्यातल्या वाटांच्या दोन्ही अंगांना मातीचे उंच बांध आणि त्यांवर दाट कुंपण असते, आणि एका वेळी एकच गाडी जाईल इतकीच रुंदी असते. श्रॉपशर, हेरफर्डशर, सफोक या परगण्यांतही अशा वाटांचे जाळे आहे. तेथील झाडे वेगळी, हवा वेगळी. तथापि वाट घडविणारे हात तेच, म्हणजे शेतकऱ्याचे, आणि वाट घडण्याचे कारणही तेच, म्हणजे शेतातून घरी आणि घरून बाजारी जाणे.

या इंग्रजी वाटांवर सायकल आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आगगाड्या सुरू झाल्यावर तेथील टपालगाड्या आणि प्रवासी घोडागाड्या बंद पडल्या होत्या. ज्या रस्त्यांवर पूर्वी वर्दळ होती ते ओसाड झाले होते आणि त्यांची डागडुजी करण्याची कोणाला फारशी निकड उरली नव्हती. अशा वेळी, १८७८ साली, हॅरोगेट येथे सायकलवरून प्रवास करणाऱ्या हौशी मंडळींनी एक संस्था स्थापन केली. तिचेच १८८३ साली सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब असे नामांतर झाले. तेव्हाची सायकल म्हणजे पुढचे चाक भले मोठे आणि मागचे चिमुकले. पडले तर डोके फुटायचे. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन्ही चाके सारखी असलेली आणि साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेली रबरी धाव तयार केली. या दोन गोष्टींनी सायकल सामान्य माणसाच्या आटोक्यात आणली.

येथून पुढचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. या सायकलस्वारांनी केवळ सहली केल्या नाहीत. सायकलला रस्त्यावर जागा आहे की नाही, हा प्रश्न त्या वेळी वादाचा होता. गावोगावचे स्थानिक नियम तिच्या आड येत. स्थानिक शासनासंबंधीच्या १८८८ च्या कायद्यात सायकल ही गाडीच होय असे कलम घालण्यात आले आणि असे स्थानिक नियम रद्द झाले. त्याच्याही आधी, १८८६ साली, सायकलस्वारांनी रस्ते सुधारण्यासाठी एक मंडळ काढले. रस्त्याला खडी कशी घालावी, पाणी कसे काढून द्यावे, याची पत्रके या मंडळाने छापली. अवघड उतारांच्या तोंडाशी धोक्याच्या पाट्या सायकलस्वारांच्या संस्थांनी स्वखर्चाने उभारल्या. बार्थोलोम्यू या प्रसिद्ध नकाशे छापणाऱ्या घराण्याने आपल्या नकाशांवरील रस्ते टूरिंग क्लबच्या सभासदांच्या साहाय्याने तपासून घेतले. ज्या वाटेवरून आपण गेलो, ती कशी आहे हे लिहून काढावयाचे आणि दुसऱ्याच्या उपयोगी पाडावयाचे, ही शिस्त त्यांनी लावून घेतली. १८९४ साली बर्मिंगहॅम येथे निघालेल्या क्लॅरियन सायकल क्लबमुळे कारखान्यांतले कामगारही रविवारी शहराचा धूर सोडून याच वाटांनी बाहेर पडू लागले.

पुढे जे घडले त्यात दैवाचा थोडा उपहास आहे. सायकलस्वारांनी सुधारून घेतलेले रस्ते मोटारींच्या उपयोगी पडले. रस्ते सुधारणा मंडळाचे धुरीण रीस जेफ्रीज हे मूळचे सायकलस्वार. १९१० साली मोटारयुगासाठी जे सरकारी रस्ते मंडळ स्थापन झाले, त्याचे चिटणीसपद त्यांच्याकडेच आले. १९४९ साली ब्रिटनमध्ये लोकांनी एका वर्षात सायकलवरून सुमारे २४ अब्ज किलोमीटर प्रवास केला होता. १९७३ पर्यंत हा आकडा ४ अब्जांच्याही खाली आला. ज्यांनी रस्ता मागितला त्यांनाच रस्ता सोडावा लागला. ते मागच्या वाटांकडे वळले, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की मागच्या वाटाही नाहीशा होत आहेत.

वाटा वाचविण्याचे काम तेथे कायद्याने आणि नकाशाने झाले. १९४९ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील प्रत्येक परगण्याने सार्वजनिक पायवाटा आणि घोडवाटा यांचा अधिकृत नकाशा करावा असे ठरले. त्या नकाशात वाट आली की ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. १९६८ च्या कायद्याने घोडवाटांवरून सायकल नेण्याचा हक्क दिला. २००० सालच्या एका कायद्याने शांत वाट असा एक वेगळा वर्गच निर्माण केला; त्याचे प्रयोग त्यापूर्वी नॉरफोक आणि केंट येथे झाले होते. अशा वाटेवर मोटारीला बंदी नाही, पण पादचारी, घोडेस्वार, सायकलस्वार यांचीही ती तितकीच आहे, हे तेथील पाटी सांगते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने, नकाशात यावयाच्या राहिलेल्या जुन्या वाटांची नोंद १ जानेवारी २०२६ पूर्वी करावी अशी मुदत घातली. मग रॅम्बलर्स या पायी भटकणाऱ्यांच्या संस्थेने हजारो स्वयंसेवकांकडून जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवून पाहिले, आणि २०२० साली जाहीर केले की ४९,००० मैलांहून अधिक वाटा नोंदीतून निसटल्या आहेत. ती मुदत पुढे २०३१ पर्यंत वाढविण्यात आली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती अजिबात काढून टाकण्याचा मनोदय तेथील सरकारने जाहीर केला. आज परदेशी पाहुणा ज्या निवांत इंग्रजी वाटांचे कौतुक करतो, त्यांच्या पाठीशी अशी सव्वाशे-दीडशे वर्षांची चिकाटी आहे.

आता आपल्याकडे वळू. मराठी मुलुखात सायकल फार मागाहून आली असे नाही. ज्या १८८८ साली डनलॉप यांनी हवेची धाव काढली, त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल विकावयाची तर ती चालवावयास शिकविणेही आलेच. ते कामही ते करीत. पुढे जो मोठा उद्योग उभा राहिला त्याचा आरंभ या दुकानातून झाला. १९२३ साली मुंबईहून निघालेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परत आले. परंतु ही झाली दुकानाची आणि पराक्रमाची कथा. खेड्यातली सायकल निराळी होती. स्वातंत्र्यानंतर देशातच सायकलींचे कारखाने वाढले आणि सायकल गावोगाव पोचली. तेव्हा तिच्यावर बसला तो टपालवाला, शाळामास्तर, पटवारी, दूधवाला, आणि आठवडी बाजाराला निघालेला शेतकरी. कॅरियरला दुधाच्या कॅन, हँडलला पिशव्या, पुढच्या दांड्यावर मूल. अशी ती सायकल पांदणीतून चाले. बंडीने पाडलेल्या दोन चाकोऱ्यांपैकी एक तिच्या चाकाला पुरेशी होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी माणसाचे सोयरे, बाजार आणि दवाखाने सीमेपलीकडे नागपुराकडे, तर तहसील आणि कचेऱ्या अलीकडे, अशी स्थिती झाली. सीमेवर पाटी लागली, पण शिवारातल्या पांदणींना पाटी नव्हती. अमुक बांधाच्या पुढे दुसरे राज्य लागते हे सायकलवरच्या दूधवाल्याला ठाऊक असे. त्याच्या चाकाला ते जाणवत नसे.

मात्र आपल्याकडे एक गोष्ट घडली नाही. सायकल ही येथे गरजेची वस्तू होती, हौसेची नव्हे. त्यामुळे सायकलस्वारांची संस्था, त्यांचे नकाशे, त्यांची मागणी असे काही खेड्यात उभे राहिले नाही. ज्याला जमले त्याने मोटारसायकल घेतली, आणि वाटेचा विचार तेथेच संपला.

म्हणून आपल्याकडे वाटांची नोंदच नव्हती असे समजू नये. मध्यप्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे जमीन महसुलाचे बंदोबस्त झाले, त्यांत वाजिब-उल-अर्ज नावाचा कागद गावोगाव तयार झाला. गावाच्या रूढी आणि लोकांचे निस्ताराचे हक्क त्यात लिहिले जात. १९५१ साली मालगुजारी गेली. १९५९ सालच्या मध्य प्रदेश भूराजस्व संहितेने निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन्ही कायम ठेवली; वाटेचा हक्क नोंदविण्याची तरतूद त्यात स्पष्ट आहे. शेतात जाण्याच्या वाटेबद्दल तंटा झाला, तर तहसीलदाराने जागेवर चौकशी करून पूर्वीची वहिवाट पाहून निर्णय द्यावा, आणि गावाच्या मान्य वाटेत अडथळा केला असेल तर तो काढावयास लावावा, असेही ती संहिता सांगते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याने हेच काम केले, आणि २०१८ व २०२१ साली शासनाने शेत-पाणंद रस्त्यांसाठी स्वतंत्र योजना काढल्या. म्हणजे इंग्लंडात जे हत्यार १९४९ साली घडविले गेले, त्याच्याच जातीचे हत्यार आपल्या पटवाऱ्याच्या दप्तरात फार पूर्वीपासून पडून आहे.

गेल्या हिवाळ्यात मी सायकल घेऊन या भागात हिंडत होतो. एका गावामागून निघालेली पांदण अर्ध्या कोसावर अकस्मात संपली. समोर नांगरलेले शेत होते. बांधावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, “काकाजी, पलीकडच्या गावची वाट हीच ना?”

ते म्हणाले, “होती ना भाऊ. बंड्या होत्या तवर वाट होती. बंड्या गेल्या, अन्‌ वाट वावरात गेली.”

“कोणी तक्रार नाही केली?”

“कोन करते? ज्याच्यापाशी फटफटी आहे तो सडकेनं जाते. पोरीच तेवढ्या जात होत्या सायकलीनं शाळेत. आता त्या बी सडकेनंच जातात.”

त्यांचे शेवटचे वाक्य मी विसरू शकलो नाही. मध्य प्रदेश शासनाने गेली अनेक वर्षे, दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांना सायकली दिल्या आहेत. सहावीतली किंवा नववीतली मुलगी त्या सायकलवर बसून शाळेत जाते. पांदण असती, तर ती दोन-तीन किलोमीटर सावलीतून आणि निर्धास्त गेली असती. पांदण नांगरली गेली, म्हणून ती आता मालमोटारींच्या कडेने जाते. एका बाजूने तिला सायकल मिळाली आणि दुसऱ्या बाजूने तिची वाट गेली. शांत वाटांचा प्रश्न हा सहलीच्या हौसेचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या मुलीची आई सकाळी दारात किती वेळ उभी राहत असेल, याचा विचार करावा.

हौस वाईट असते असे मात्र मी म्हणणार नाही. इंग्लंडात वाटा वाचल्या त्या हौशी माणसांनी वाचविल्या. आणि अशी माणसे आता आपल्याकडेही आहेत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने १२ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यापूर्वी २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी दोघांचा संघ करून तीच शर्यत पार पाडली होती. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत कापणारे शिक्षक, डॉक्टर, कारकून आज मराठी शहरांत आढळतात. सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे शहर सोडून शांत रस्त्याच्या शोधात निघणाऱ्या या मंडळींना माझी एकच विनंती आहे. आपण ज्या पांदणीतून गेलात ती लिहून ठेवा. कोठे सुरू झाली, कोठे संपली, कोठे अडविली आहे, हे टिपा, आणि तो कागद त्या गावच्या ग्रामपंचायतीला द्या. गावातल्या तरुणांनी पटवाऱ्याकडून गावचा नकाशा मागून घ्यावा, आणि नकाशातली वाट जमिनीवर आहे की नाही, हे एकदा चालत जाऊन पाहावे. ग्रामसभेत वाजिब-उल-अर्ज वाचून दाखवावयास सांगावे. यासाठी नवा कायदा नको आणि मोठा निधीही नको. पुढे त्या वाटेवर मुरूम पडला, नाल्यावर एखादी फरशी झाली, तर फारच उत्तम. पण वाट आधी वाट म्हणून राहिली पाहिजे.

महामार्ग नको असे कोणी म्हणणार नाही. झेरघाटातली संत्री दूरच्या बाजारात वेळेवर पोचतात ती त्याच रस्त्याने, आणि बोरगावच्या कारखान्यांतून मजुरी येते तीही त्याच्याच आधाराने. परंतु महामार्ग हा गावातून बाहेर जाण्याचा रस्ता आहे. एका गावातून शेजारच्या गावात जाण्याचा रस्ता पांदण हाच होता. ती जोवर कोणाच्या तरी पायाखाली आणि चाकाखाली आहे, तोवर तिच्यावर नांगर घालावयास माणूस कचरतो. म्हणून येत्या रविवारी, ऊन चढण्यापूर्वी, घरातली सायकल पुसून बाहेर काढावी, पंक्चरचे सामान बरोबर घ्यावे, आणि आपल्या गावामागची पांदण शेवटपर्यंत जाऊन पाहावी. ती पलीकडच्या गावाला पोचली, तर तेथे चहा घेऊन परत यावे. न पोचली, तर सोमवारी पटवाऱ्याकडे जावे.